फळ्यावरची अदलाबदल

"बाई, लवकर या. फळ्यावरचं माझं लिहिलेलं कोणीतरी बदलवलं. हातातली नोकरी चालली."

दामिनीचा फोन ठेवून सिंधुताई भर उन्हात निघाल्या. सेक्टर ६ च्या शाळेत त्यांनी आयुष्यभर इंग्रजी शिकवलं, दामिनी त्यांच्याच हाताखाली शिकलेली. वडील गेल्यापासून घर तिच्यावर होतं. कोचिंग क्लासमधल्या एका जागेसाठी आज दोघं जण शिकवून दाखवणार होते. ताईंना असल्या दुकानांचा पहिल्यापासून तिटकारा.

वर्गात कूलर घरघरत होता. फळ्यावर ‘सिन्स’खाली दोन तास, पाच वर्षं, ‘फॉर’खाली सोमवार, सकाळ.

मालक देवीदास खुर्चीत पसरला होता. "हिले एवढा फरक समजत नाही, आन् निघाली मास्तरीण व्हायले."

"‘सिन्स’ले सुरुवातीचा क्षण लागते, ‘फॉर’ले काळाची लांबी. हे मीच शिकवलं तिले," ताई म्हणाल्या. "उदाहरणं जागच्या जागी आहेत. वरचे दोन शब्दच ओल्या फडक्यानं पुसून उलटे लिवले, तिथं पांढरे ओघळ दिसून राहिले. तुमचं डस्टर तर कोरडं आहे. दामिनी, तू कुठं होती?"

"फळ्यावर लिहून घरी जेवाले गेली होती, बाई."

"आन् तुम्ही?"

"समोरच्या खोलीत जरा पडलो होतो," देवीदास म्हणाला.

"घोरून राहिले होते म्हणा," ताई म्हणाल्या.

दारात दुसरा उमेदवार राहुल उभा होता. गळ्यातल्या गमछ्यानं त्याची कॉलर भिजली होती.

"तू कधी आला?"

"अभी आया, मॅडम. नंदिनी नगरहून स्कूटरवर, सीधा."

"रस्त्यात थांबला?"

"कुठंच नाही."

"गमछा कुठं भिजवला?"

"घरूनच. गरम लू चालून राहिली ना. सगळेच भिजवतात."

ताईंनी तो गमछा ओढून पिळला. फरशीवर पांढुरकं पाणी सांडलं.

"मे महिन्यात तेवढ्या लांब नंदिनीहून येताना ओला गमछा अर्ध्या वाटेतच पापडासारखा होते. हा इथं भिजला. तू आधीच आला, मालक झोपलेले पाहिले, कूलरच्या पाण्यात गमछा बुडवून ते शब्द पुसले. खडू लागला म्हणून पुन्हा खंगाळला. मग जिन्यात सावलीला थांबून आत्ता आल्याचं सोंग केलं."

राहुलची मान खाली गेली. "मले पण गरज आहे, मॅडम."

ताईंना राग आला नाही, किळस आली. "तुले दोन्ही शब्द चांगले येतात, म्हणून तर बरोबर उलटे करता आले. सरळ शिकवलं असतं तर जिंकलाही असता. तेवढी हिंमत नव्हती तुझ्यात."

राहुल जिना उतरला. देवीदासनं लगेच हात झटकले. "चला, झालं. दामिनी, जागा तुझी."

"नाही, सर." दामिनीनं खडू उचलला. "मघाशी न विचारता काढली, आता न ऐकता देऊन राहिले. पहिल्या बाकावर बसा. मी शिकवते, मग सांगा."

देवीदास उठला आणि बाकावर जाऊन बसला.