डाव्या चाकावरचा पत्रा

मनकर्णामावशींनी मला आधीच सांगितलं होतं.

“बाई, ट्रॅक्टर न्या, नवरीवानी सजवा त्याला. पण डाव्या चाकावर मडगाड चढवू नका. हाय तसंच उघडं ऱ्हाऊ द्या.”

मी हसले. म्हणाले, “मावशी, घरात लहान लेकरू आहे. उघडं चाक कसं ठेवायचं? उलट तेच आधी बसवावं लागेल.”

 त्या माझ्या कडेवरच्या लेकीकडं, नंदूकडं बघत राहिल्या फक्त.

हे मी मनानं रचून लिहीत नाहीये. आमच्याच घरात घडलंय. नावंसुद्धा बदललेली नाहीत.

मागच्या वर्षी, पोळ्याच्या आधीचा रविवार. दुपारचे पावणेचार. छत्रपती संभाजीनगरहून फुलंब्रीकडं जाताना रस्त्याला लागून आमचं शेत आहे, तिथं.

भुताची गोष्ट म्हटली की लोक रात्र धरून चालतात. आमच्याकडं लख्ख ऊन होतं. मका डोक्याच्या वर गेला होता. आणि मी चहाचा थर्मास घेऊन शेडच्या दारात उभी होते.

पण त्याच्या आधीचं सांगायला हवं.

माझे मिस्टर इंद्रजीत वाळूजला एका कंपनीत इंजिनिअर आहेत. लोकांना प्लॉटचा नाद असतो, यांना जुन्या ट्रॅक्टरचा. कुणाच्या गोठ्यामागं कोंबड्या बसलेला, बाभळीत अर्धा बुडालेला ट्रॅक्टर दिसला की यांची मोटरसायकल थांबलीच. तो आणायचा, पूर्ण खोलायचा आणि कंपनीतून पहिल्या दिवशी बाहेर पडला तसा करायचा. एक नटसुद्धा उपरा चालत नाही. असे तीन तयार होऊन शेडमध्ये उभे होते.

चौथा सांडूबाबांचा. १९६६ सालचा, लाल, हँडल मारून सुरू करायचा. फुलंब्रीच्या पुढं एका वस्तीवर चाळीस वर्षं एकाच जागी उभा होता. सांडूबाबा अंथरुणाला खिळलेले, म्हणून सगळं बोलणं त्यांच्या बायकोशी झालं. म्हणजे मनकर्णामावशींशी.

सात महिन्यांत सगळं जमलं. फक्त डावं मडगार्ड मिळेना. नवं घडवून घ्या म्हटलं तर हे चिडायचे. “मग ते ओरिजिनल कसं राहील, तनू?”

शेवटी ते सापडलं.

मी शोधलं. हो, मीच. यांच्या वाढदिवसाला सरप्राइज म्हणून.

शहरातल्या एका भंगारवाल्यानं मला फोटो पाठवला. गंजलेलं, चिखलानं लडबडलेलं. “मॅडम, फुलंब्री साइडकू एक बावडी साफ करे ना, उसमें से निकला. माल एकदम कडक है.”

तेव्हाही माझ्या डोक्यात आलं नाही… की मडगार्ड विहिरीत पडत नसतं. ते कोणीतरी टाकावं लागतं.

आमचे गोकुळ मिस्त्री फुलंब्रीचे. त्यांनी ते जागेवर धरलं आणि सगळे बोल्ट पहिल्या झटक्यात बसले. कुठं घासावं लागलं नाही, कुठं ठोकावं लागलं नाही.

वरच्या बाजूला मधोमध एक पोचा होता. उथळ. मी सहज त्यावर हात ठेवला. माझा तळवा त्यात बरोबर मावला.

मिस्त्रींनी तो ठोकून सपाट केला. पुट्टी भरली, प्रायमर मारला.

दुसऱ्या दिवशी…

पोचा होता.

“ताई, ह्यो पत्रा माझं ऐकत नाय बघा,” मिस्त्री हसले. “आमची घरची सुदिक एवढी उलट जात नाय.”

तिसऱ्यांदा तसंच झालं तेव्हा ते हसले नाहीत. त्याच्यावरूनच रंग मारला, हात धुतले आणि “सोयाबीनची फवारणी हाय” म्हणून यायचे बंद झाले.

मग आवाज सुरू झाला.

दर रविवारी आम्ही शेतावर जायचो. जेवण झालं की इंद्रजीत आंब्याखाली आडवे व्हायचे. मी डबे विसळत असायचे. आणि शेडमधून…

थप. थप. थप.

उघड्या हातानं पत्र्यावर मारल्यासारख्या तीन थापा. मग गप्प.

“अहो, शेडमध्ये कोणी आहे का?”

“मांजर असेल.”

“मांजर मोजून तीनदा मारेल?”

“तनू, तुला ना आमच्या कंपनीत सेफ्टी ऑफिसर करायला पाहिजे. एक ॲक्सिडेंट होणार नाही. कारण कामच होणार नाही!”

स्वतःच्याच विनोदावर हसून त्यांनी कूस बदलली.

यांना तो आवाज कधीच आला नाही. मला यायचा. आणि नंदूला. थापा पडल्या की खेळता खेळता ती मान वर करून शेडकडं बघायची.

एकदा तिला बालवाडीतून आणत होते. स्कूटीवर ती माझ्यापुढं उभी असते. भर रस्त्यात तिनं हँडलखाली जोरात तीन थापा मारल्या.

मी गाडी बाजूला घेतली. “काय गं, काय पडलं?”

“काही नाही. तू थांबतेस का ते बघितलं.”

“हे कोणी शिकवलं तुला?”

“शेडमधल्या बाईनं. ट्रॅक्टरचा आवाज लई असतो ना, ओरडलं तरी ऐकू येत नाही. मग पत्रा वाजवायचा. मग थांबवतात.”

नंदू घरी ‘खूप’ म्हणते. ‘लई’ तिनं त्या दिवशी पहिल्यांदा म्हटलं.

संध्याकाळी हे शिफ्टवरून आले तशी मी विषय काढला. म्हटलं, ते मडगार्ड काढून टाका.

“तूच आणलंस आणि आता तूच काढा म्हणतेस? पोळ्याला गावातून मिरवायचाय मला तो. अर्धा उघडा नेऊ?”

“मला भीती वाटते.”

“तुला कशाची वाटत नाही ते सांग.”

मग तो रविवार आला.

पोळ्याआधी एकदा चालवून बघायचा म्हणून यांनी हँडल मारलं. दुसऱ्याच फेऱ्याला इंजिन धडाडलं. यांनी नंदूला उचलून मांडीवर घेतलं.

“अहो, तिला नको.”

“एकच राऊंड.”

“मी नको म्हणतेय ना!”

यांनी गिअर टाकला.

मक्याच्या कडेनं बांधापर्यंत जायचं आणि वळून परत यायचं, एवढंच होतं. मी डोळे लावून उभी होते. टोकाला मक्याआड ट्रॅक्टर दिसेनासा झाला. इंजिनचा आवाज मात्र येत होता.

मग तो वळून पुन्हा दिसला…

इंद्रजीत सीटवर नव्हते.

ते डाव्या मडगार्डवर बसले होते. एका हातानं कड धरलेली. दुसऱ्या हातानं पत्रा बडवत होते. तोंड उघडं. मानेच्या शिरा ताणलेल्या.

आणि आवाज येत नव्हता.

इंजिन ऐकू येत होतं. मागं उडालेले बगळे ऐकू येत होते. मक्याची सळसळ ऐकू येत होती. फक्त यांचाच आवाज नाही. ना हाक, ना थाप.

सीटवर…

सीटवर नंदू होती. एकटी.

पण ती सीटला टेकलेली नव्हती. वीतभर वर होती. मांडीवर बसलेलं लेकरू बसतं तशी. पाय लोंबत होते. तिचे हात टाळ्या वाजवत होते आणि स्टिअरिंग आपलं आपण फिरत होतं.

मी धावले. चिखलात चपला गेल्या. मी ओरडत होते की नव्हते, मला आठवत नाही.

इंद्रजीतनी माझ्याकडं बघितलं. आणि मग ते गेले. घसरले नाहीत. गर्दीत कोणी कोपरानं सरकवावं ना, तसे पुढं, चाकासमोर ढकलले गेले.

चाक त्यांच्या पायांवरून गेलं.

तेव्हा त्यांचा आवाज आला.

ट्रॅक्टर दहा पावलं पुढं जाऊन थांबला. अगदी हळू, धक्का न देता. नंदूला साधा ओरखडा नव्हता. मी तिला खाली घेतलं तर माझ्या कानाशी येऊन म्हणाली,

“मम्मी, ती बाई पप्पांना म्हणाली, आता तू बस तिथं.”

दोन महिने दवाखान्यात गेले. दोन्ही पायांत सळया आहेत. यांना काहीच आठवत नाही. कंपनीतले मित्र म्हणाले, रेस लावलेली असेल, गिअर पडलेला असेल, असा ट्रॅक्टर आपोआप चालत राहतो. चालत असेल. पण मग बांधापाशी तो वळला कसा?



दिवाळीनंतर मी एकटीच मनकर्णामावशींच्या वस्तीवर गेले. त्या ओसरीवर भुईमुगाच्या शेंगा फोडत बसल्या होत्या. मला बघून काय झालं ते विचारलं नाही. एवढंच विचारलं, “लेकरू बरं हाय?”

“हो.”

“व्हय. लेकराला काय करायची नाय ती.”

“ती कोण, मावशी?”

“माझी थोरली बहीण. वच्छला. ह्यांची पहिली बायको.”

शेंगा फोडता फोडताच त्यांनी सांगितलं.

“बाजारातून येत व्हतो. मी ट्रॉलीत, बारा वर्साची. ती मडगाडावर, मांडीवर सा महिन्याचं लेकरू. ह्यांना चुलत्याच्या ट्रॅक्टरच्या फुडं काढायचा व्हता. वच्छी घसराया लागली. तिनं पत्रा वाजवला. हे थांबले नाय. परत वाजवला. मागं ट्रॉलीत समद्यांना ऐकू आलं, बाई. ह्यांनाच तेवढं आलं नसंल?”

“मग?”

“तिनं लेकरू माझ्याकडं फेकलं. म्या झेललं. मग ती चाकाखाली गेली.”

 त्या पुढं म्हणाल्या,

“वर्सभरानं पोळ्याला ह्यांनी त्योच ट्रॅक्टर काढला. एकलेच व्हते. लोकं पोचले तवा दोनी पाय चाकाखाली. गावानं मडगाड काढून हिरीत टाकलं. आन् वयात आले तशी मला ह्या घरात दिली. लेकराला आई पायजे म्हणून.”

तेवढ्यात आतल्या खोलीतून…

थप. थप. थप.

मी ताडकन उठले.

“बसा, बसा. हे हायेत. भिंत वाजवत्यात. पाणी पायजे आसंल.”

मावशी उठल्या नाहीत.

थप. थप. थप.

“मावशी… पाणी…”

“देते की. एवढ्या शेंगा व्हऊ द्या.”

फोडायच्या शेंगांची पाटी काठोकाठ भरलेली होती.

मी आत जाऊन पाणी द्यायला हवं होतं. मी नमस्कार करून निघाले.

रस्ताभर मला एकच आठवत राहिलं. नंदू पोटात होती, सातवा महिना. जालना रोडला मोटरसायकलवर मी यांच्या पाठीवर थापा मारत होते, हळू चालवा म्हणून. यांनी समोरच्या ट्रकला ओव्हरटेक केलं. घरी आल्यावर म्हणाले, “वाऱ्यात ऐकू आलं नाही गं.” मी हे विसरून गेले होते. पाच वर्षं एकदाही आठवलं नव्हतं.

गोकुळ मिस्त्रींच्या हातापाया पडून मी ते मडगार्ड काढून घेतलं. आता ते शेडमागं पालथं पडलंय. मला वाटलं, संपलं.

जानेवारीतली एक दुपार. यांचा पलंग हॉलमध्ये आहे. मी स्वयंपाकघरात जमिनीवर बसून तांदूळ निवडत होते. नंदू शेजारी चित्र रंगवत होती. मी सहज मान वर केली…

हे पलंगाच्या कडेवर हात मारत होते. तोंड उघडं. नजर माझ्याकडं.

आवाज येत नव्हता.

शेजारच्यांचा कुकर ऐकू येत होता. गल्लीतला भाजीवाला ऐकू येत होता.

मी उठायला हवं होतं. मी खडे वेचत राहिले. घाईच वाटली नाही मला. ताट रिकामं करून उठले तेव्हा गॅलरीतलं ऊन निघून गेलं होतं आणि यांच्या तळहाताची सालटं निघाली होती.

“नंदू, पप्पा कधीपासून वाजवत होते? मला सांगायचं नाही का? मला ऐकू आलं नाही.”

तिनं चित्रातून मानसुद्धा वर केली नाही.

“येतंय तुला ऐकू. ती बाई म्हणाली.”

त्यानंतर असं चार वेळा झालंय. आई-वडिलांना सांगितलं नाही. सांगायला फोन हातात घेते आणि ठेवून देते. आज नंदू झोपलीये तोवर भराभर लिहून टाकते आहे.

वाळूजला इंद्रजीतच्या शिफ्टमधलं कोणी हे वाचत असेल तर सिडकोत आमच्या घरी एकदा येऊन जा. उद्याच या. दुपारी दोन ते चारच्या दरम्यान. दार नुसतं लोटलेलं असतं. सरळ आत जा, आणि पाणी हवंय का एवढं त्यांनाच विचारा.

मला विचारू नका.

मी सगळं ठीक आहे असंच सांगेन.