शेवटच्या क्रूझरची ड्यूटी

बोरगाव मेघेत मे महिन्यात बोअर आटणं ही काही बातमी नव्हे. आमच्या अंगणातला तर गेल्या उन्हाळ्यापासूनच ठणठणीत कोरडा. तरी माझे बाबा, नागसेन, भर दुपारी त्यात दोरीला बांधलेली लोखंडी सळई सोडायचे. सळईला फासायला खडू मी कॉलेजातून आणून द्यायची. मी फिजिक्स शिकवते. सुंभ जळला तरी पीळ जात नाही, असं म्हणून मी त्यांना चिडवायची.

बाबा नौदलात होते, क्रूझर जातीच्या एका थकलेल्या युद्धनौकेवर. अखेरच्या वर्षांत तिच्या तोफा बंद पडल्या होत्या आणि शिकाऊ खलाशी तिच्यावर डेक घासायला शिकत. पत्रा इतका झिजलेला की गंज खरवडताना हातोडा आरपार जाई. "लोखंडावर नाई, रंगावर तरंगून राह्यलं होतं थे," बाबा सांगायचे. त्यांचं काम अगदी तळात. सळईला खडू लावायचा, तळाशी जाणाऱ्या नळीत ती सोडायची. खडू जिथवर धुतला जाईल तिथवर पाणी शिरलेलं. बदलीचा माणूस येऊन 'चार्ज घेतला' म्हणेपर्यंत जागा सोडायची नाही, हा नियम. जहाज निवृत्त झालं त्या संध्याकाळी झेंडा उतरताना पाहायला सगळे वर गेले. बाबांच्या जागी कोणी आलंच नाही. पुढे जहाज भंगारात गेलं.

"मग तुम्ही वर कसे आले?" मी एकदा विचारलं.

"आलो," ते म्हणाले. "चार्ज मात्र कोनीच नाई घेतला."

यंदा त्यांची झोपच उडाली. दिवसभर सळई. पाय सुजले. डॉक्टर म्हणाले, असं जागत राहिले तर हृदय पावसाळ्यापर्यंत टिकणार नाही. मी फार घाबरले. सळई हिसकावून घ्यायला गेले आणि थांबले. टोकाचा वीतभर खडू धुतला गेला होता. वास तेलाचा. बोटाला लावून चाखलं, तर खारट.

घाम असेल, म्हटलं. इथून समुद्र गाठायला रात्रभर गाडीत बसावं लागतं.

दुसऱ्या दिवशी हातभर.

"वाढून राह्यलं," बाबा म्हणाले. त्यांचे ओठ निळे पडले होते. "ज्योत्स्ना, तू घेते का?"

आई स्वयंपाकघरातून धावत आली. "हो नको म्हनू! लई डाव मले इचारलं त्यायनं. म्या कदीच हो म्हटलं नाई."

"अशानं बाबा मरतील, आई. नुसता शब्दच तर आहे."

मी सळई हातात घेतली. "चार्ज घेतला."

बाबांनी ताठ उभं राहून सलाम ठोकला. आत गेले आणि झोपले.

आईनं कपाळाला हात लावला.

बाबा उठले ते दुसऱ्या दुपारी. सूज उतरलेली. दोनदा चहा मागितला. मग बशी घेऊन अंगणात आले.

"उनात काऊन बसली पोरी? त्या कोरड्या भोकात काय पाहून राह्यली?"

"जहाजातलं पाणी, बाबा."

"कोन्तं जहाज?"

ते थट्टा करत नव्हते.

मी सळई वर ओढली. खडू कुठेच उरला नव्हता.

कॉलेज सुरू झालं. मी गेलेले नाही. आई माझं ताट लांबूनच सरकवते आणि पटकन आत वळते. मी तिला विचारीन, याची तिला धास्ती आहे.

काल मी विचारलं.