उत्तरापुरती जागा

आमच्या कंपनीत शांततेला भाव नाही. कलबुर्गीच्या स्टुडिओत निवेदक श्वास घ्यायला थांबला, तर संगणक तेवढ्या फटीत जाहिरात घुसवतो. मी, सुधींद्र, याच कंपनीचा माणूस. गावोगावची छोटी रेडिओ केंद्रं बघायची, त्यांतलं काय घ्यायचं आणि काय टाकायचं ते वर सांगायचं, हे माझं काम. बैलबाजारातल्यासारखं. दात बघायचे, वय सांगायचं, मालकाच्या डोळ्यांकडे बघायचं नाही.

सीमाभागातल्या मेहकरचं 'शेजार रेडिओ' शेतकरी सोसायटीच्या गोदामामागच्या एका खोलीत होतं. आवाज घुमू नये म्हणून भिंतींना वाकळा ठोकलेल्या, आणि त्या वाकळांत तुरीचा वास मुरलेला. या केंद्राची सगळी मत्ता म्हणजे कमलबाई. जेवणवेळेला त्या माईकपुढं बसायच्या आणि एकेकाला नावानं विचारायच्या.

"निलम्माक्का, जेवलीस का?"

मग थांबायच्या. समोरच्यानं उत्तर द्यावं एवढं थांबायच्या.

"ईरण्णा, गोळी घेतलास का?"

पुन्हा थांबायच्या.

हे मी पहिल्यांदा ऐकलं ते सोसायटीचे अध्यक्ष उद्धवराव यांच्या घरी, ताटावर बसून. रेडिओतून स्वतःचं नाव आलं तसे उद्धवराव तोंडातल्या भाकरीसकट ओरडले, "जेवायलो की, बाई!"

"त्यांना ऐकू जातं?" मी विचारलं.

"न्हाई. पन कुनी इचारलं तर सांगावं का न्हाई? तुमच्या कलबुर्गीत कुनी इचारत न्हाई वाटतं."

मी हसलो, वरण वाढून घेतलं. हिशेब मात्र चालू होता: एवढ्या फटींत किती साबण विकला जाईल!

सगळ्यांत शेवटी कमलबाईंनी विचारलं, "विजू, जेवलीस का, माय?" ही फट सगळ्यांत लांब होती.

उद्धवरावांनी हातातला घास खाली ठेवला. "लेक तिची. विजयश्री. दोघी मिळून बोलायच्या रेडिओवर. आई इचारायची, ही दुसऱ्या माईकवरून सांगायची. डेंगूनं गेली पोरगी."

सौदा सरळ होता. मनोरा आणि खोली कंपनीची, कमलबाईंचा कार्यक्रम आमच्या सगळ्या केंद्रांवर. फक्त थांबणं बंद. चाचणी म्हणून मी आमची प्रणाली त्यांच्या यंत्राला जोडली. निलम्मानंतर जाहिरात घुसली. ईरण्णानंतर घुसली. विजूनंतर घुसली नाही.

बिघाड, असं मी ठरवलं. हा शब्द फार सोयीचा. नोंद काढून पाहिली, तर संगणकाचं म्हणणं वेगळं होतं. तिथं शांतता नव्हतीच. आवाज होता.

दुसऱ्या दिवशी मी पंखा बंद केला, दार लावलं, हेडफोन घातला आणि आवाज मोजणाऱ्या काट्यांवर नजर ठेवली. कमलबाईंचा काटा त्यांच्या प्रश्नासोबत हलायचा. आधी बेताबेतानं, मग शेवटच्या 'का'वर एकदम वर. दुसरा काटा विजयश्रीच्या माईकचा. तो माईक अजून जागेवर होता, वर धुतलेला रुमाल.

"विजू, जेवलीस का, माय?"

दुसरा काटा थोडा उचलला, थरथरला, खाली बसला. बोलता बोलता कुणी ताटाकडे वळावं, तसा. माझ्या कानात काहीच नव्हतं. गोदामात पोती टाकणारे हमालही गप्प होते.

तिसऱ्या दिवशी मी त्या माईकची वायर काढून खिशात घातली.

काटा हलला.

कमलबाईंनी गाणं लावलं आणि माझ्याकडे वळल्या. "वायर खिशात घालून फिरायलाव व्हय, अण्णा?"

"अक्का, तुम्हाला ऐकू येतं?"

"न्हाई. एकदाबी न्हाई." त्यांनी रुमालाची घडी सारखी केली. "काटा हलतो. तेवढं बघते अन् मग मी जेवते."

मी वायर परत लावली. का, ते माहीत नाही.

"बाकीच्या फटी घ्या," त्या म्हणाल्या. "साबन इका, काय बी इका. तिची तेवढी ठिवा."

मी वर फोन केला, बराच वेळ भांडलो. वरून हसणं ऐकू आलं. एका बाईसाठी सगळ्या केंद्रांनी गप्प बसायचं का?

कमलबाईंनी कार्यक्रम सोडला. "जितं उत्तराला जागा न्हाई, तितं इचारू कामून?" एवढंच बोलल्या. शेवटच्या दिवशीही त्यांनी नेहमीसारखंच विचारलं. काटा हलला. उद्यापासून कुणी विचारणार नाही, हे मात्र त्यांनी लेकीला सांगितलं नाही.

"कसं सांगू, अण्णा? तिला वाटंल, आई रुसली."

मेहकरच्या मनोऱ्यावर आता आमचेच कार्यक्रम लागतात. वाकळा उतरवल्या, माईक नेले, खोलीला कुलूप घातलं. कलबुर्गीत माझ्यासमोरच्या फळीवर मेहकरचा काटा उरला आहे. त्याला काहीही जोडलेलं नाही.

जेवणवेळेला तो हलायचा. थोडा उचलायचा, थरथरायचा, खाली बसायचा. कुणी विचारलेलं नसताना.

काल उद्धवरावांचा फोन आला.

"कमलबाई जेवंना झाली, सायेब. ताट तसंच ऱ्हायलंय. आमी समदे सांगून थकलो."

मी डबा उघडला होता. तसाच ठेवला. जेवणवेळ झाली.

काटा हलला.

लय नेहमीची, उत्तराची नव्हती. पण ओळखीची होती, आईच्या प्रश्नाची. आधी बेताबेतानं, मग शेवटाला एकदम वर.

मग काटा खाली बसून राहिला. समोरच्यानं उत्तर द्यावं एवढा वेळ.

काचेपलीकडे आमचा निवेदक श्वास घ्यायला थांबला. संगणकानं साबणाची जाहिरात लावली.