केसरने धरलेला उजेड

एकोणीसशे एकोणसाठच्या फेब्रुवारीत, नागावच्या किनाऱ्यावर, वाऱ्याला काय खोडी सुचली कोण जाणे! फोटोवाल्याच्या हातातली पांढरी चादर सुटली, सुरूच्या झाडांना वळसा घालून आली आणि नेमकी केसरच्या डोक्यावर पडली. अकरावीच्या सगळ्या मुली खिदळल्या.

"फोटो काढताय की मासे पकडताय?" चादरीच्या आतून केसर म्हणाली.

"पकडायला नव्हतो आलो," फोटोवाला म्हणाला, "पण आता सोडवत नाही... चादर म्हणतोय मी!"

त्याचं नाव शिवदास. अलिबागेतल्या त्याच्या दुकानात दिवा मिणमिणता, म्हणून शाळा सोडणाऱ्या मुलींचे फोटो तो उघड्यावर काढी. त्याच्या मते सूर्याएवढा दिवा सरकारकडेसुद्धा नव्हता. सूर्य मुलीच्या पाठीशी ठेवायचा, म्हणजे डोळे बारीक होत नाहीत. आणि काळवंडलेल्या चेहऱ्यावर समोरून चादरीने ऊन परतवायचं. चादर धरायला उंच माणूस हवं. उंच एकटी केसरच.

"थोडी वर... डावीकडे... हां! आता श्वाससुद्धा विचारून घ्या."

"तुम्हाला विचारायचा?"

"मी सहसा नाही म्हणत नाही."

चादर जराशी कलली की समोरच्या गालावर दूध सांडल्यासारखा उजेड पसरे. केसर बघतच राहिली. आपल्या हातात एवढं काही आहे, हे तिला आजवर ठाऊकच नव्हतं. आईबापामागे ती मामाकडे वाढली; तिच्याविषयीचं सगळं तिला मागाहून कळायचं. आताही तसंच. तिचा फोटो घेऊन धर्माजीमामा मुंबईला जाणार होते, गिरणीतल्या एका जॉबरच्या, म्हणजे मुकादमाच्या, मुलाला दाखवायला. फोटो पसंत पडला की सुपारी फुटलीच.

आणि फोटोच निघाला नाही तर...?

मग चादर घसरू लागली. उजेड कधी गळ्यावर, कधी वेणीवर, एकदा तर थेट केसरच्या सोबतीला येऊन वाळूत बसलेल्या सोनूमामीच्या डोळ्यांत.

"अगो, मना कशाला भाजतेस?" मामी ओरडली.

एकेका मुलीला दुप्पट वेळ लागला. केसरची पाळी आली तेव्हा मुली घरी गेल्या होत्या, मामी पेंगत होती आणि सूर्य पाण्यात बुडाला होता.

"मुद्दाम केलंत ना?" शिवदासने हळूच विचारलं.

"कशावरून?"

"उजेड इतका बरोबर चुकवायचा, तर आधी तो नीट कळावा लागतो."

केसरने मान खाली घातली आणि मुंबईचं सगळं सांगून टाकलं.

शिवदासने सूर्य बुडाला तिकडे एकदा पाहिलं. मग त्याने पिशवीतून काचेचा एक बल्ब काढला. "हा एकदाच पेटतो. याला ऊन लागत नाही. लावू?"

"मला विचारताय?"

"चेहरा तुमचा. मग कुणाला विचारू?"

केसरने पदर सारखा केला. "लावा," ती म्हणाली. "पण... ज्याने काढला, त्यानेच ठेवावा."

बल्ब शिवदासच्या हातून पडता पडता वाचला.

फट्! सारं सुरूचं बन असं पांढरं झालं, की नागावचे कोंबडे आरवले आणि तिकडे थळच्या कोळ्यांनी वीज चमकली समजून होड्या वर ओढल्या. खोटं वाटत असेल तर थळला जाऊन विचारा.

आठवडा सरायच्या आत शिवदास धर्माजीमामांच्या ओटीवर हजर.

"फोटू आला का?"

"झकास आलाय, मामा. पण देणार नाही."

"का रे? माजलास काय?"

"फोटोतली मुलगी कॅमेऱ्यामागच्या माणसाकडे बघून हसतेय. असा फोटो दुसऱ्याच्या घरी कसा पाठवायचा? पाठवायचाच तर... माझ्या घरी पाठवा."

मामांनी फोटो घेतला, उजेडात धरला, चष्मा लावून पाहिला, काढून पाहिला. दाराआड केसरने कडी घट्ट धरली होती.

"केसर! ह्यो बोलतो ता खरा हाय?"

ती उंबऱ्यावर आली. मान ताठ होती.

"अर्धंच खरं, मामा. तेही हसत होते. त्यांचा फोटो काढायला कुणी नव्हतं, एवढंच."

मामांनी एकदा तिच्याकडे, एकदा शिवदासकडे पाहिलं. मग त्यांनी फोटो शिवदासच्या हातात परत ठेवला आणि आत हाक मारली,

"सोनू, पाव्हन्याला चाय ठेव गो."