तिसऱ्या सूचनेची हरकत

संध्याकाळी साडेसातला दाराची कडी वाजली तशी सुहासिनीने तवा खाली उतरवला, पिठाचे हात पदराला पुसले आणि दार उघडून ती उंबऱ्यातच उभी राहिली. बाहेर तिचा धाकटा भाऊ शांतवन होता, चाकणच्या गोदामातून दमून आलेला, हातात रिकामा डबा. त्याने मान पुढे केली, तोंड उघडलं आणि 'हाऽ' करून तिच्या चेहऱ्यावर श्वास सोडला. तिने तो नीट हुंगला. कांदा होता, चहा होता, दिवसभराचा शीण होता, दारू नव्हती.

"ये," म्हणून ती बाजूला झाली.

सोळा महिने हे असंच चाललं होतं. त्रेचाळीस वर्षांचा बाप्या रोज बहिणीपुढे तोंड वासून उभा राहतो, याला काळेवाडीच्या त्या चाळीतल्या शेजारणी आधी पदराआड हसल्या, मग त्यांनाही त्याचा कंटाळा आला. पण आज शांतवन आत आला नाही. चप्पल काढून तसाच उभा राहिला.

"ताई, या रविवारपासून चर्चमध्ये सूचना वाचणार आहेत. लग्नाची. माझी आणि सुखदाची."

सुखदा म्हणजे चर्चमधल्या लहान मुलांचा वर्ग घेणारी बालवाडीची बाई, चाळिशीची, विधवा, कोणाच्या अध्यात न मध्यात.

"मला विचारणार होतास की नाही?"

"आता विचारतोय ना."

"विचारत नाहीस, सांगतोयस," सुहासिनी म्हणाली आणि आत जाऊन तिने तवा पुन्हा चढवला. त्या दिवशीच्या उरलेल्या पोळ्या सगळ्या करपल्या.

आता सुहासिनीची बाजू मलाच सांगायला हवी, कारण स्वतःहून ती कधी सांगणारी नव्हे. भोसरीच्या एका वर्कशॉपमध्ये ती एकोणीस वर्षं तपासणीच्या टेबलावर होती. समोर लोखंडी बुशांचा, म्हणजे यंत्रात बसणाऱ्या पोकळ कड्यांचा ढीग, हातात मापाचं गेज. बसला तर पास, नाही बसला तर लाल पेटी. 'बहुतेक बरोबर असेल' असा कप्पा त्या टेबलावर नव्हता, आणि तिच्या मनातही नव्हता. वडील गेल्यावर घर तिने ओढलं, आईला तिने सांभाळलं आणि या भावाला... त्याला तर तिने अक्षरशः वाहून आणलं! पोलीस चौकीतून आणलं, गटाराच्या काठावरून आणलं, एकदा पिंपरीच्या मंडईतून भाजीवाल्याच्या हातगाडीवर घालून आणलं. आणि चौदा वर्षं रोज पहाटे उठून, गार फरशीवर गुडघे टेकून तिने एकच मागणं मागितलं, की प्रभू, याची दारू सोडव.

आणि सुटली ती कशी? भोसरीच्या मैदानात तीन दिवसांच्या सभा होत्या. शेवटच्या दिवशी प्रीतिभोजन होतं, म्हणून हे महाशय पंगतीत घुसले. मटण-भात इतका हाणला की उठवेना, तेव्हा नाइलाजाने प्रवचन ऐकत बसले. घरी आला तो रडत आला, आणि त्या दिवसापासून त्याने थेंबाला स्पर्श केला नाही. सगळं चर्च थक्क झालं. महिन्याच्या पहिल्या रविवारी साक्षीची वेळ असते, देवाने आपल्यासाठी काय केलं ते उभं राहून सांगायची. शांतवन सांगू लागला की बायका डोळे पुसायच्या, पुरुष 'आमेन' म्हणायचे आणि टाळ्या पडायच्या. हळूहळू निगडीहून बोलावणं आलं, चऱ्होलीच्या नव्या सोसायटीतल्या प्रार्थनेला बोलावणं आलं. आणि प्रत्येक ठिकाणी त्याचं एक वाक्य ठरलेलं असायचं.

"मला या जगात कोणीच नव्हतं. फक्त येशू होता."

बायकांच्या बाजूला तिसऱ्या बाकावर बसून सुहासिनी ते ऐकायची. कोणीच नव्हतं? मग ती हातगाडी काय देवदूतांनी ढकलली होती? सख्ख्या बहिणीला उभ्या आयुष्यातून पुसून टाकायला त्याला एक वाक्य पुरलं होतं, आणि त्या वाक्यावर लोक टाळ्या वाजवत होते. ज्यांनी त्याच्यासाठी एक दिवस प्रार्थना केली नव्हती ते सगळे या चमत्काराने भारावले होते, आणि जिने चौदा वर्षं गुडघे झिजवले तिचाच त्याच्यावर विश्वास बसत नव्हता. तो याआधीही दोनदा सुधारला होता. एकदा तर आठ महिने.

पहिल्या रविवारी पाळकसाहेबांनी नासरेथवर प्रवचन केलं. येशू स्वतःच्या गावी आला, लोक त्याचं ऐकून आश्चर्यचकित झाले आणि दुसऱ्याच क्षणी म्हणाले, हा तर आपला सुतार, याची आई आपल्या माहितीची, याच्या बहिणी इथेच राहतात. ओळखीने त्यांचे डोळे झाकले, पाळकसाहेब म्हणाले, आणि त्यांच्या अविश्वासाचं खुद्द येशूला नवल वाटलं. हे आपल्यालाच उद्देशून आहे असं सुहासिनीला वाटलं. पण तिच्या मनात आलं, की त्या बहिणींची नावंसुद्धा कोणी लिहून ठेवली नाहीत. भाऊ गावोगाव फिरत होता तेव्हा म्हाताऱ्या आईला पाणी कोण देत होतं, हे त्यांना कोणी विचारलं का? असला विचार देवळात बसून करावा याची तिला लाज वाटली, पण आलेला विचार काही मागे जाईना.

प्रवचन संपल्यावर सूचना झाली. शांतवन दाविद उजागरे आणि सुखदा भालेराव यांचा विवाह योजला आहे, कोणाची हरकत असेल तर त्यांनी उभं राहून सांगावी, ही पहिली सूचना. अशी सूचना तीन रविवार वाचायची पद्धत आहे, आणि आजवर कोणी कधी हरकत घेतलेली नाही. लोक तेवढ्या वेळात गाण्याचं पान शोधून घेतात.

'माझी आहे,' सुहासिनी मनात म्हणाली आणि स्वतःच दचकली.

घरी आल्यावर तिने ते आईला सांगितलं. सोजराबाईला ऐकू कमी येतं, म्हणून दोनदा सांगावं लागलं.

"चौदा वरीस तूच मागत व्हतीस," सोजराबाई म्हणाली. "आता त्यानं दिलं तर तूच घेईनास. हे गं काय?"

"आई, त्या बाईचं काय? उद्या हा पुन्हा प्यायला लागला तर तिने कोणाच्या तोंडाकडे बघायचं? मला माहीत असून मी गप्प बसू?"

सुहासिनीच्या त्या बोलण्यात निम्मी सुखदाची काळजी होती आणि निम्मा स्वतःचा संताप, आणि त्यातलं कोणतं कुठे संपतं हे तिचं तिलाही कळत नव्हतं.

वर्कशॉपमध्ये शेजारच्या टेबलावर विजयश्री बसायची, परभणीकडची, जिभेने तिखट. सगळं ऐकून ती म्हणाली, "ताई, लग्नाआधी असं भर सभेत विचारायची पद्धत आमच्यात असती ना, तर निम्मी लग्नं झालीच नसती. पण तुमचं मला एक कळत नाही. आमी नवस बोलतो, पावला की फेडतो. तुमी तर पावल्यावर देवालाच गेज लावून बघायलात."

सुहासिनी हसली नाही. त्या दिवशी तिच्या हातून एक चांगला बुश लाल पेटीत पडला, आणि तो विजयश्रीने गुपचूप उचलून परत ठेवला.

दुसऱ्या रविवारी दुसरी सूचना झाली. 'कोणाची हरकत असेल तर' हे शब्द आले तेव्हा सुहासिनीचे हात बाकाच्या कडेवर घट्ट झाले, पण पाय उचलले नाहीत. पुढच्या रविवारी मात्र उठायचंच, असं तिने ठरवलं.

गुरुवारी भोसरीच्या कारखान्यांना सुट्टी असते. त्या दुपारी सुखदा आपण होऊन घरी आली.

"बसा," सुहासिनी म्हणाली. "आई झोपलीय. मी आडपडदा ठेवत नाही. तिसऱ्या सूचनेला मी हरकत घेणार आहे."

"मला वाटलंच होतं," सुखदा शांतपणे म्हणाली. "मी तुमच्या मागच्या बाकावर असते. रविवारी तुमचे खांदे वर आले होते."

"त्याने याआधी दोनदा सोडलीय. एकदा आठ महिने."

"साडेआठ. सांगितलंय त्यांनी."

"आईवर हात उगारलाय त्याने."

"तेही सांगितलंय. तुमच्या मागणीच्या दिवशी पिऊन आले, पाहुण्यांना शिव्या दिल्या आणि लग्न मोडलं, तेही."

"म्हणजे चर्चमध्ये सांगतो तेच तुम्हाला सांगितलं, आणि तुम्ही भाळलात."

सुखदाने पदराचं टोक बोटाला गुंडाळलं, सोडलं. "चर्चमध्ये सांगत नाहीत तेही सांगितलं, ताई. तुम्हाला मागणी घालायला आलेले ते श्रीरामपूरचे मास्तर... मागणी मोडल्यावर आठ दिवसांनी परत आले होते. एकटेच. दुपारी."

सुहासिनी जागच्या जागी थिजली. ही गोष्ट जगात फक्त दोन माणसांना माहीत होती. तेरा वर्षांपूर्वीची ती दुपार... आई प्रार्थनेला गेलेली, आणि मास्तर या इथेच बसले होते, अवघडून. आईंनाही बरोबर आणा, मी सांभाळीन, म्हणाले होते, फक्त भावाला सोडा. त्या माणसाच्या डोळ्यांत इतकं निर्मळ आर्जव होतं की तिचं काळीज गलबलून गेलं होतं. आणि तिने नाही म्हटलं होतं. आपण गेलो तर हा रस्त्यावर मरेल, एवढंच तिला दिसलं होतं. नंतर तिने सगळ्यांना सांगितलं, की मास्तरांकडूनच कायमचा नकार आला.

"हे तुम्हाला कोणी सांगितलं?" तिचा आवाज तिलाच ओळखू येईना.

"त्यांनीच. आतल्या खोलीत पलंगावर पडले होते ते. तुम्हाला वाटलं शुद्धीत नाहीत. पण जागे होते, ताई. तुमचा शब्द न् शब्द त्यांनी ऐकला."

सुखदाच पुढे म्हणाली, "मी त्यांना विचारलं, हे साक्षीत का सांगत नाही? म्हणाले, पापं सांगितली की लोक टाळ्या वाजवतात. ताईच्या त्या दुपारवर मला टाळ्या नकोत. म्हणून 'कोणीच नव्हतं' म्हणून पुढे सरकतात. मी म्हटलं, हे पळणं झालं. ते मला पटलेलं नाही, आणि तसं मी त्यांना सांगितलंय."

"आणि तरी तुम्ही लग्नाला तयार?"

"हे ऐकून मी नाही म्हणेन असंच त्यांना वाटलं होतं. तरी सांगितलं. म्हणून तयार आहे."

सुखदा गेल्यावर सुहासिनी मोरीत जाऊन नळ सोडून बसली आणि पोटभर रडली. मास्तरांसाठी रडली, आपल्या वाया गेलेल्या वर्षांसाठी रडली, पण सगळ्यात जास्त रडली ती कोणीतरी ते ऐकलं होतं म्हणून! आपला त्याग कोणाच्याही कानावर न पडता मातीत गेला, असं ती तेरा वर्षं समजत होती. तो ज्याच्यासाठी केला त्यानेच ऐकला होता, आणि ते उरात घेऊन वर्षानुवर्षं पीत राहिला होता. चांगलं दिसायचं असतं तर हे सांगायची त्याला काही गरज नव्हती. उलट बायको मिळायची ती हातची गेली असती. ज्याला दारू लपवायची असते तो माणूस असं वागत नाही, एवढं तिच्या तपासणाऱ्या मनाला पटलं. तिने तिथेच ओल्या फरशीवर डोळे मिटले. प्रभू, माझा पूर्ण विश्वास अजून बसलेला नाही, ती म्हणाली, पण काल होता त्याहून आज जास्त आहे, तेवढा घे.

शांतवनला मात्र तिने काहीच सांगितलं नाही. संध्याकाळी तो दारात येऊन 'हाऽ' म्हणाला, आणि तिने हुंगलं. सवय अशी एका दिवसात सुटत नाही, त्याची नाही आणि हिचीही नाही.

तिसऱ्या रविवारी पाळकसाहेबांनी कागद हातात घेतला. "ही तिसरी आणि शेवटची सूचना. कोणाची हरकत असेल तर—"

सुहासिनी उभी राहिली. बाक करकरला, आणि गाण्याचं पान शोधणारी सगळी डोकी वर झाली. पुरुषांच्या बाजूला पुढे बसलेल्या शांतवनने मागे वळून पाहिलं आणि त्याचा चेहरा पांढराफटक पडला.

"सुहासिनीबाई?" पाळकसाहेबांनी चष्मा काढला. "तुमची हरकत आहे?"

"लग्नाला नाही. लग्न लावा," ती म्हणाली. "दारू कायमची सुटली का, हे मी छातीवर हात ठेवून आजही सांगणार नाही. पण सुखदाला जे कळायला हवं ते सगळं कळलेलं आहे, म्हणून लग्नाला माझी हरकत नाही. माझी हरकत साक्षीला आहे."

"साक्षीला?"

"तो सांगतो, मला कोणीच नव्हतं. ते खोटं आहे. प्रभूचं काम प्रभूने केलं, त्यातलं मला काही नको. पण चौदा वर्षं रोज पहाटे प्रभूच्या दारात जाऊन कोणीतरी याचं नाव घेत होतं. तेवढी त्याने दुरुस्ती करावी."

अशा हरकतीचं काय करायचं ते पाळकसाहेबांच्या कागदावर लिहिलेलं नव्हतं. शांतवन उठला. पाच-पाच चर्चमधून घडाघडा बोलणारा तो माणूस, त्याला शब्द सापडेना. त्याने बाकाची पाठ दोन्ही हातांनी धरली.

"होती," तो म्हणाला. "ताई होती. माझ्यासाठी तिने आपल्या जन्माचं वाटोळं केलं, ते मी पलंगावर पडून ऐकत होतो, आणि जागा आहे हे तिला कळू दिलं नाही."

कोणी 'आमेन' म्हटलं नाही. कोणाचा हात टाळीसाठी उचलला नाही. शांतवन तसाच उभा राहिला, डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ते पुसायचंही त्याला सुचत नव्हतं.

त्या शांततेत सोजराबाईने लेकीचा पदर ओढला आणि तिच्या नेहमीच्या मोठ्या आवाजात विचारलं, "काय म्हणतोय गं त्यो?"

सुहासिनी खाली बसली आणि आईच्या कानाशी वाकली. तिने ओठ घट्ट मिटले, उघडले.

"म्हणतोय... ताई होती म्हणून."

"मग? व्हतीच की," सोजराबाई म्हणाली, आणि आपला पदर तिने लेकीच्या डोळ्यांना लावला.