ओल्या टोकांच्या फिती

ही गोष्ट मी कुणाकडून ऐकलेली नाही. माझ्यासोबत घडलेली आहे. आणि ती संपलीय असं मला अजून वाटत नाही.

पटली नाही तर सोडून द्या. माझ्या नवऱ्यालाही अर्धीच पटलीय.

आणि हो, रात्र नव्हती. काळोख नव्हता. गेल्या थंडीतला रविवार, भर दुपार, लख्ख ऊन आणि जंगलातली पायवाट.

मी हौसेने पळणारी बाई. बक्षीस कधी मिळालं नाही, मिळणारही नाही. लग्नाआधीपासून डोंगरातल्या लांब शर्यती पळते. पायांची नखं काळी पडून गळतात, मांड्या घासून सोलतात, आणि तरी घरी पोचायच्या आत मी पुढच्या शर्यतीत नाव घालून मोकळी झालेली असते.

मग ठमी झाली.

तिचं खरं नाव दुसरं आहे, पण त्या गालांकडे बघून कुणी तिला दुसऱ्या नावाने हाक मारूच शकत नाही. त्या रविवारी ती नऊ महिन्यांची होती. खालचे दोन दात नुकतेच फुटले होते. पिता पिता मुद्दाम चावायची, मी ओरडले की वर बघून खुदकन हसायची. असा राग यायचा... आणि असं भरून यायचं.

बाळंतपणानंतरची माझी ती पहिली मोठी शर्यत. चाळीस किलोमीटर.

"पळून पळून जाणार कुठे?" सासूबाई म्हणाल्या. "संध्याकाळी इथेच यायचंय ना?"

असं म्हणाल्या, पण निघताना ठमीच्या जुन्या दुपट्याचा एक तुकडा त्यांनीच माझ्या खिशात घातला. "असू दे. लेकराचा वास जवळ असला की जीव थाऱ्यावर राहतो."

बेत पक्का होता. अर्ध्या वाटेवर एका ठिकाणी पायवाट गाडीरस्त्याला भेटते. तिथे पाण्याचं, खाण्याचं टेबल असतं. नवरा ठमीला घेऊन तिथे येणार, मी तिला पाजणार आणि पुढे निघणार.

मी टेबलापाशी पोचले तेव्हा नवरा नव्हता.

"ताई, गाड्या खालीच अडवल्यात," टेबलावरचा मुलगा म्हणाला. "पूल खचलाय. तुमच्या मिस्टरांचा निरोप आला होता. ते थेट शेवटाला येतायत."

माझ्या छातीचे दगड झाले होते. प्रत्येक पावलाला कळ पार डोक्यात जात होती.

माझी मैत्रीण तिथेच उकडलेले बटाटे मिठात बुडवून खात बसली होती. आम्ही तिला इंजिन म्हणतो. ती पळताना एवढा श्वास वाजवते की पुढचे लोक आपोआप वाट सोडतात.

"पुढे कुठेतरी आडोशाला बस, दाबून काढ आणि ये," ती म्हणाली.

"जंगलात?"

"मग? लाज कुणाची, झाडांची?"

ती हसली, बटाट्याची शेवटची फोड तोंडात टाकली आणि निघून गेली. माझ्यामागे आता कुणी धावणारं नव्हतं. होता तो फक्त झाडू.

झाडू म्हणजे शर्यतीत सगळ्यांच्या मागून येणारा माणूस. वाट दाखवायला झाडांना केशरी फिती बांधलेल्या असतात. शेवटचा धावणारा पुढे गेला की झाडू त्या सोडत, कचरा उचलत येतो. त्या दिवशीचा झाडू म्हणजे एक पोट सुटलेले, मिशाळ, निवृत्त गृहस्थ होते.

"ताई, तुम्ही निवांत जा," ते म्हणाले. "मी मुद्दाम लांब राहतो. मागे कुणी आलं की उगाच दडपण येतं."

भले गृहस्थ. पण त्या दिवशी ते जवळ असते तर बरं झालं असतं.

जंगल दाट झालं तशी मी वाट सोडून चार पावलं आत गेले. तिथे एक बसकट काळा खडक होता. त्यावर वाटीएवढा खळगा. खळग्यात कुजलेल्या पानांचा काळा, बुळबुळीत लगदा.

बसायला दुसरी जागा नव्हती.

दोन्ही बाजूंनी दाबून दाबून दूध काढलं. काळ्या लगद्यावर पांढऱ्या चिळकांड्या. खळगा भरला. माझ्या ठमीच्या वाटणीचं होतं ते.

दुपट्याच्या तुकड्याने अंग पुसलं. हलकं वाटलं. निघाले.

वाटेला लागते न लागते तोच मागून आवाज आला.

लप्... लप्... लप्...

कुत्रं असेल, मी मनाशी म्हटलं. पिऊ दे बिचाऱ्याला.

मग जाणवलं... तेवढा एकच आवाज येत होता. सकाळपासून कानाशी किरकिरणारे किडे गप्प होते. पक्षी गप्प होते. पानं हलत होती, पण त्यांची सळसळ नव्हती.

फक्त... लप्. लप्.

मग तेही थांबलं.

मी खिसा चाचपला. दुपट्याचा तुकडा खडकावरच राहिला होता.

खरं सांगते, दुसरं काहीही असतं तर सोडून गेले असते. पण ते ठमीचं दुपटं होतं. मी परत फिरले.

खळगा रिकामा होता.

नुसता रिकामा नाही. चाटून पुसून स्वच्छ. कुजकी पानं नाहीत, लगदा नाही. आतला दगड ओला चमकत होता. एवढा काळा चिखल... कुणीतरी दुधासकट गिळला होता.

तुकडा बाजूलाच पडला होता. त्याचं एक टोक पिळून, चोखून अणकुचीदार केलेलं. ठमी झोपताना करते तसं. तोंडातून काढल्यावर राहतं तसं.

मी तो उचलला. बोटांना बुळबुळीत लागलं. बोटं वर घेतली तशी तार निघाली... लांब, न तुटणारी. वास आंबूस. बंद डब्यात दिवसेंदिवस राहिलेल्या दुधाचा.

मी तुकडा फेकला. ठमीचा असून फेकला.

"काका?" मी ओरडले. "झाडूकाका?"

"ओऽऽ!" उत्तर आलं. पार खालून, दरीच्या पलीकडून.

म्हणजे इथे ते नव्हते.

मी पळत सुटले. चढ होता, दगड होते, कशाचीच शुद्ध नव्हती. मागून पावलांचा आवाज येत नव्हता. तेच वाईट होतं. पावलं वाजली असती तर किती लांब आहे ते तरी कळलं असतं.

आणि मग रडणं ऐकू आलं.

बाळाचं. बारीक. भुकेचं.

आईला भुकेचं रडणं वेगळं कळतं. डोक्याच्या आधी अंगाला कळतं. मला पान्हा फुटला. आत्ताच रिकामी झालेली छाती भरून आली आणि अंगातला शर्ट भिजला.

तसं रडणं थांबलं. एकदम. जणू कुणीतरी ते बघितलं.

तेव्हा कुठे माझ्या कानांना उमगलं की ते रडणं बाळाचं नव्हतंच. घसा म्हातारा होता. खरखरीत, कफाने भरलेला म्हातारा घसा... आणि त्यातून काढलेला बाळाचा आवाज.

माझ्या अंगाला फरक कळला नव्हता. त्याचीच मला सगळ्यात किळस आली. स्वतःच्या अंगाची.

मग पाठीवर वजन आलं.

आम्ही पळताना पाठीला पाण्याची पिशवी लावतो. तिची नळी खांद्यावरून पुढे येते. नळीच्या टोकाला मऊ रबर असतं, बाटलीच्या निपलसारखं. चोखलं की पाणी येतं.

वजन फार नव्हतं.

ठमीएवढंच होतं.

आणि माझी पावलं, माझ्या नकळत, झुलत पडायला लागली. लेकराला झोपवताना पडतात तशी.

घशाला कोरड पडली होती. काही न सुचून मी नळी तोंडात धरली आणि चोखली.

कोमट. दाट. आंबूस. जिभेवर काहीतरी साय आल्यासारखं पसरलं... आणि ते गिळलं गेलं.

मी वाटेतच भडाभडा ओकले. ओणवी होते तेव्हा नळी माझ्या तोंडाजवळून सरकली. हळूच. खांद्यावरून मागे ओढली गेली. आणि माझ्या मानेपाशी...

चुक्... चुक्... चुक्...

पट्टे कसे सोडले, आठवत नाही. पिशवी पडली. मी मागे बघितलं नाही. उरलेली वाट कशी संपली तेही आठवत नाही.

शेवटच्या रेषेवर माझा नवरा उभा होता. त्याच्या कडेवर ठमी, भुकेने लालबुंद.

"अगं, आलीस! घे हिला आधी, माझे कान गेले!"

मी तिथेच मातीत बसले. तिला घेतलं, छातीशी धरलं. तिने तोंड उघडलं, पुढे आली, वास घेतला...

आणि तिला उमळून आलं.

नऊ महिन्यांचं लेकरू. माझ्या अंगावरून तोंड फिरवून, दोन्ही हातांनी मला ढकलत होतं.

"घामाचा वास येत असेल," नवरा म्हणाला. "मलाही येतोय, पण मी सहन करतो." माझा चेहरा बघून तो शेजारी उकिडवा बसला. "काय झालं गं?"

मी तोंड उघडणार तेवढ्यात झाडूकाका आले. एका हातात कचऱ्याचं पोतं, दुसऱ्यात माझी पिशवी.

"ताई, ही तुमची ना? गळत होती का हो?"

"नाही. का?"

"त्या काळ्या खडकापासून वाटेवर ओला पट्टा होता. गोगलगाय जाते तसा. हा एवढा रुंद." त्यांनी दोन हातांत मावेल एवढं अंतर दाखवलं. "जिथे पिशवी पडली होती, तिथे संपला."

पिशवी आतून कोरडी ठणठणीत होती. नळीचं रबर चपटं झालं होतं. चावलेलं नव्हतं. चघळलेलं होतं.

"आणि हे बघा." त्यांनी खिशातून केशरी फितींचा गठ्ठा काढला. खडकानंतरच्या फिती. प्रत्येकीचं खालचं टोक ओलं, पिळलेलं, अणकुचीदार.

"शेळ्या चघळतात कधीकधी," नवरा म्हणाला.

"काल मीच बांधल्यात या," काका म्हणाले. "हात वर करून. डोक्याच्या वर." त्यांनी फिती खाली टाकल्या आणि हात पँटला पुसला. मग परत पुसला.

घरी येऊन मी अंग घासघासून धुतलं. ठमीने तोंड लावलं नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. पंपाने काढून बाटलीतून दिलं, तर बाटली भिरकावली. डब्याचं दूध मात्र घटाघटा प्यायली.

सासूबाईंनी माझ्या दुधाचा वास घेऊन बघितला. "काहीसुद्धा नाहीये गं," म्हणाल्या. ठमीला माझ्या मांडीवर देऊन, दिवे मालवून, गाणी म्हणून बघितली. शेवटी माझ्याच डोक्यावरून हात फिरवत बसल्या.

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "काही मुलं स्वतःच सोडतात. जिवाला लावून घेऊ नका. थोड्या दिवसांत दूध आपोआप आटेल. कुणी पीत नसलं की ते राहत नाही."

मी वाट बघत राहिले. आटण्याची नाही. ठमीची. एक दिवस विसरेल, येईल, चावेल, खुदकन हसेल.

मधे एकदा दोरीवरची झबली काढायला गेले. सगळी कडक वाळलेली. प्रत्येकाचं एक टोक मात्र ओलं, पिळलेलं. गॅलरीच्या कठड्यापासून घराच्या दारापर्यंत, ओळीने.

ठमीच चोखते कपडे, मी मनाशी म्हटलं. कठड्याजवळची झबली तिच्या हाताला कशी लागतील, हा विचार मी केला नाही. करायचा नव्हता.

त्यानंतरच्या एका दुपारी मी कुशीवर झोपले होते. रात्रभर जागरण झालं होतं, डोळे उघडत नव्हते. सासूबाईंनी ठमीला शेजारी निजवलं असावं. कारण झोपेतच मला कळलं...

ती पीत होती.

किती आनंद झाला ते सांगता येणार नाही. हलले नाही, डोळे उघडले नाहीत. उघडले तर सोडेल, अशी भीती वाटली. अश्रू उशीत जिरत होते. तिने चावावं म्हणून मी वाट बघत होते.

चावत नव्हती.

ओढत होती फक्त. ओली, मऊ ओढ. हिरड्यांची.

आणि तेवढ्यात स्वयंपाकघरातून ठमी हसली. सासूबाई तिला म्हणत होत्या, "चावते होय गं मला, दोन दातांची बाई!"

माझ्या छातीशी होतं ते तोंड बोळकं होतं.

मी किंचाळले तेव्हा खोलीत कुणी नव्हतं. कुशीतली चादर ओली होती. बोट लावलं तर तार निघाली.

आता मी डांबरी रस्त्यावर पळते, तेही माणसांच्या घोळक्यात. इंजिन चिडवते, "बाईसाहेबांना आता सोबत लागते." मी हसते. दुपारी झोपत नाही. कपडे घरात वाळवते. ठमी झोपलेली असताना थोडं थोडं करून हे लिहिलंय.

ती आता चालायला लागलीय. दात तोंडभर आलेत. माझ्याकडे धावत येते, गळ्यात पडते, गालाला गाल लावते. पण छातीपाशी आली की नाक मुरडते.

डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या, कुणी पीत नसलं की ते राहत नाही.

माझं दूध अजून आटलेलं नाही.