बाह्या निघणार नाहीत

ती दुकानात शिरली तेव्हा शिवणाऱ्या मावशी जागेवर नव्हत्या. मशीनवर एक उंच, सडपातळ तरुण बसला होता आणि दोऱ्याचं टोक ओठांनी ओलं करून सुईत ओवत होता.

"मावशी लेकीच्या बाळंतपणाला गेल्यात," तो म्हणाला. "मी भाचा. त्या येईपर्यंत मीच."

तिनं पिशवीतून कापड काढलं. थोरल्या बहिणीच्या ड्रेसमधून उरलेलं, मोरपंखी रंगाचं, हातात धरलं तर घरंगळून जाईल इतकं मऊ.

"टॉप हवाय. लांब बाह्यांचा."

त्यानं कापड टेबलावर पसरलं, उभं लावलं, आडवं लावलं. "पुढचा भाग निघेल. पाठ दोन तुकडे जोडून होईल. बाह्या मात्र निघणार नाहीत."

"मग राहू दे. उशीचा अभ्रा शिवा."

"एवढ्या सुंदर कापडावर डोकं ठेवून घोरायचं? बिनबाह्यांचा शिवू ना."

ती कापडाची कड चिमटीत चुरगळत म्हणाली, "बेकरीत असते मी. पीठ मळून मळून हात असे झालेत... ताई पैलवान म्हणते. लाडानंच म्हणते, पण खांदे उघडे टाकत नाही मी."

त्यानं वर पाहिलं. जरा जास्तच वेळ पाहिलं.

"काय बघताय?"

"माप..." त्याचे कान लाल झाले. "मापच घेत होतो."

"टेप तर टेबलावर आहे."

तो इतका ओशाळला की तिला हसू आवरेना. त्या हसण्यातच ती 'बरं, शिवा' म्हणून गेली.

पहिल्यांदा घालून पाहिला तेव्हा टॉप काखेत काचला. तिचा चेहरा पडला. "सांगितलं होतं ना, माझे खांदेच..."

"खांद्यांचा काही दोष नाही," तो टाचणी लावत म्हणाला. "मी शिवणाच्या पुस्तकातल्या बाईच्या मापानं कापलं. ती बाई काही काम करत नसावी. तुम्ही हात कसे हलवता ते मला बघायला हवं."

दुसऱ्या दिवशी तो खरंच बेकरीत आला. ती पिठाच्या गोळ्यावर वाकली होती. तळव्यानं गोळा पुढे रेटायची, दुमडायची, उचलून फळीवर आपटायची. दंडापासून मनगटापर्यंत एकच लय. तो बघतच राहिला. गळ्यात टेप, हातात पेन्सिल, आणि दोन्हींचा विसर.

"पाव हवाय, की नुसत्या वासावरच पोट भरणार?" बेकरीवाल्या काकांनी विचारलं.

ती खाली मान घालून मळत राहिली. पण आज हातांना वेगळाच जोर आला होता.

त्यानं काखेचा घेर अर्ध्या बोटानं खाली उतरवला, कापून निघालेल्या चिंध्यांच्याच तिरक्या पट्ट्या काढल्या आणि कडा आतून बारीक टाक्यांनी मढवल्या. टॉप घालून ती आरशासमोर उभी राहिली. हात वर घेतले, खाली घेतले. कुठेच ओढलं नाही. मोरपंखी रंगातून निघालेले ते गोल, भक्कम खांदे तिनं जणू पहिल्यांदाच पाहिले. हे इतके दिवस झाकून का ठेवले होते?

"कसा झालाय?" त्यानं दारापाशी थांबून विचारलं.

"तुम्हीच सांगा."

"मला नका विचारू. मी त्या दिवशी बेकरीतच..." त्यानं गळ्यातला टेप बोटाला गुंडाळला. "तेव्हापासून दुसऱ्या कुणाचं माप नीट घेता येत नाही मला. दोन ब्लाऊज उसवावे लागले."

ती आरशातूनच त्याच्याकडे पाहत होती. "मावशी परवा येतायत ना? मग तुम्ही जाणार..."

"जायचं ठरलं होतं."

"आणि आता?"

"आता... बेकरीच्या आसपास एखादी खोली मिळेल का, विचारणार होतो."

"पहाटे फार धडधड असते तिथं. झोप नाही लागणार."

"नाही लागली तर बरंच. खिडकीत उभा राहीन."

तिनं येताना घातलेला जुना, लांब बाह्यांचा कुडता घडी करून पिशवीत टाकला. उघड्या दंडांनी उन्हात पायरी उतरली, आणि मागे वळून पहिल्यांदाच अरेतुरे करत म्हणाली,

"चल. एक खोली रिकामी आहे, दाखवते तुला."